आधी भाडेकरू, मग पाया

शेअर बाजारात नाव नाही, पण देशोदेशी टोलेजंग इमारती आणि त्यांत अब्जावधींची गुंतवणूक. अशा खासगी कंपन्या वाढतात कशा, याबद्दल या महिन्यात बरीच पत्रं आली. अनेकांनी अमेरिकेतल्या ह्यूस्टनच्या 'हाइन्स' कंपनीबद्दल विचारलं आहे, म्हणून बहुतेक उत्तरांत तिचाच दाखला घेतला आहे.

प्रश्न : हाइन्स शेअर बाजारात नाही, तरी तीसेक देशांत पोचली. एवढं भांडवल आलं कुठून? (वाणिज्य शाखेची विद्यार्थिनी, कोल्हापूर)

त्यातलं बहुतेक भांडवल दुसऱ्यांचं आहे.

जेराल्ड हाइन्स यांचा जन्म १९२५ चा, इंडियाना राज्यातल्या गॅरी या पोलादाच्या गावातला. पर्ड्यू विद्यापीठातून ते यांत्रिकी अभियंता झाले आणि १९४८ मध्ये नोकरीसाठी ह्यूस्टनला आले. नोकरी होती वातानुकूलन यंत्रणांच्या धंद्यात. १९५७ मध्ये त्यांनी स्वतःची कंपनी काढली. पहिली काही वर्षं कामं छोटीच होती : गोदामं, दोन-तीन मजली कचेऱ्या.

या धंद्यातली पद्धत आजही तीच आहे, म्हणून ती क्रमाने समजून घ्या. पहिल्यांदा जमिनीवर हक्क मिळवायचा. लगेच खरेदीखत करायचं नाही, थोडी रक्कम देऊन ठरावीक मुदतीसाठी जागा राखून ठेवायची. त्या मुदतीत भाडेकरू शोधायचा आणि त्याच्याकडून दहा-पंधरा वर्षांच्या भाडेकराराची सही घ्यायची. मग तो करार घेऊन बँकेकडे किंवा विमा कंपनीकडे जायचं. कर्ज देणारा विकासकाचं तोंड कमी आणि भाडेकरूची आर्थिक पत जास्त बघतो, कारण हप्ता भाड्यातूनच येणार असतो. कर्ज मंजूर झालं की उरलेल्या रकमेसाठी भागीदार घ्यायचा आणि मग पाया खणायचा. क्रम उलटा झाला, म्हणजे आधी इमारत आणि मग भाडेकरू, तर व्याजाचं मीटर पहिल्या दिवसापासून पळायला लागतं आणि भाडं मात्र दोन वर्षं येत नाही. नवे विकासक बुडतात ते बहुतेक इथेच.

पुढे पैशाचा उगम टप्प्याटप्प्याने बदलत गेला. सुरुवातीला बँका आणि विमा कंपन्या होत्या. मग मोठे भाडेकरूच भागीदार झाले. त्यानंतर पेन्शन फंडांसारख्या संस्था आल्या, १९९० च्या दशकात परदेशांसाठी फंड उभे राहिले, आणि २००४ पासून 'हाइन्स रीट'मधून (रीट म्हणजे अनेकांचा पैसा एकत्र करून भाड्याच्या इमारतींत गुंतवणारी संस्था) सामान्य गुंतवणूकदारांचे पैसे येऊ लागले. आज कंपनीच्या देखरेखीखालची मालमत्ता ९० अब्ज डॉलरच्या आसपास सांगितली जाते. हा आकडा वाचताना अनेकांची गल्लत होते. ही हाइन्स कुटुंबाची श्रीमंती नव्हे. यातला मोठा भाग इतरांच्या मालकीचा आहे. कंपनी त्याचा सांभाळ करते, त्याबद्दल शुल्क घेते आणि सोबत स्वतःचाही थोडा पैसा लावते.

सॅन फ्रान्सिस्कोचा सेल्सफोर्स टॉवर हे याचं फार बोलकं उदाहरण आहे. बस-रेल्वे टर्मिनलशेजारच्या त्या जागेसाठी २००७ मध्ये हाइन्सने सुमारे ३५ कोटी डॉलरची बोली लावून स्पर्धा जिंकली. पाठोपाठ जागतिक मंदी आली. वाटाघाटी वर्षानुवर्षं चालल्या आणि २०१३ मध्ये व्यवहार पुरा झाला तो साधारण १९ कोटी डॉलरला. तोवर बॉस्टन प्रॉपर्टीज ही सूचीबद्ध कंपनी मोठा भागीदार म्हणून आली होती; पुढे तिचा वाटा ९५ टक्क्यांवर गेला. २०१४ मध्ये सेल्सफोर्सने सात लाख चौरस फुटांहून जास्त जागेच्या भाडेकरारावर सही केली, त्यानंतर इमारत वर चढली आणि २०१८ मध्ये उघडली. तेव्हा शहरातल्या सर्वात उंच इमारतीत मूळ प्रवर्तकाचा, म्हणजे हाइन्सचा, वाटा उरला होता पाच टक्के. वाटा छोटा राहिला याचं वाईट वाटून घेणाऱ्याने या धंद्यात पडू नये. मंदीच्या काळात पूर्ण मालकीचा हट्ट धरला असता तर कदाचित जागाही हातची गेली असती.

प्रश्न : आम्ही ह्यूस्टनला राहतो. गॅलेरिया, विल्यम्स टॉवर रोज बघतो. नामांकित वास्तुविशारदांवर एवढा खर्च गुंतवणुकीच्या हिशेबात बसतो का? (एक मराठी कुटुंब, ह्यूस्टन)

बसतो, पण प्रत्येक वेळी नाही.

तुमच्या शहराची माती मऊ, चिकणमातीची आहे. खाली लगेच खडक लागत नाही. त्यामुळे इमारतीचं वजन हाच मोठा प्रश्न असतो. १९७१ मध्ये पुऱ्या झालेल्या वन शेल प्लाझासाठी हाइन्सनी शिकागोच्या एसओएम या वास्तुरचना कंपनीचे ब्रूस ग्रॅहम आणि ढाक्यात जन्मलेले अभियंते फझलूर खान यांना घेतलं. खान यांनी हलक्या वजनाचं काँक्रीट वापरलं आणि नळीत नळी बसवावी तसा सांगाडा केला : आत लिफ्ट-जिन्यांच्या गाभ्याची एक नळी, बाहेर एकमेकांच्या जवळ उभ्या केलेल्या खांबांची दुसरी. वाऱ्याचा जोर दोन्ही मिळून घेतात. ५० मजले, २१८ मीटर. त्या काळी ती जगातली सर्वात उंच प्रबलित काँक्रीटची इमारत होती. कधी समोरून गेलात तर दर्शनी भाग नीट बघा, तो किंचित लाटेसारखा दिसतो. जिथे खांबांवर जास्त भार येतो तिथे ते जाड केले आहेत, म्हणून तशी लाट उमटली. आतल्या बाजूला मधे खांब नसल्यामुळे भाडेकरूला कचेरीची मांडणी मनासारखी करता येते. भाडं वाढतं ते यामुळे.

पेन्झॉइल प्लेस ही इमारत फिलिप जॉन्सन आणि जॉन बर्गी या वास्तुविशारदांची, १९७० च्या दशकाच्या मध्यातली. ३६ मजल्यांचे दोन समलंबी मनोरे, मधे फक्त दहा फुटांची फट, आणि तळाला काचेच्या छताखालचे चौक. चौकोनी खोक्यापेक्षा हा आकार महाग पडतो, कोपऱ्यांत जागाही वाया जाते. पण कोपऱ्यातल्या खोल्या, उजेड आणि 'आमचं ऑफिस तिथे आहे' असं सांगण्यातला मान, यांसाठी भाडेकरू जास्त मोजायला तयार होतात हे त्या इमारतीने बांधकाम व्यवसायाला दाखवून दिलं.

मात्र पैसा कुठे घालायचा याची शिस्त हवी. प्रवेशद्वाराची लॉबी, लिफ्टचा वेग, वातानुकूलन आणि मजल्याचा आकार यांवरचा खर्च भाड्यातून परत येतो. माथ्यावरचा कळस फार तर नाव देतो. हाइन्स मुळात वातानुकूलनाचे अभियंते, त्यामुळे पंख्याची मोटर आणि विजेचं बिल हा त्यांच्या जिव्हाळ्याचा विषय. तीस वर्षांच्या हिशेबात देखभालीचा खर्च किती मोठा असतो, हे ते पहिल्यापासून ओळखून होते.

गॅलेरियाचं गमक आणखी वेगळं आहे. १९७० मध्ये ती उघडली तेव्हा मुख्य शहरापासून दूर होती. मिलानच्या जुन्या काचछताच्या गॅलेरियावरून कल्पना घेतली, मधोमध बर्फावर घसरायचं मैदान केलं, आणि दुकानांना लागून हॉटेल व कचेऱ्या आणल्या. दुकानाला गिऱ्हाईक लागतं, कचेरीला जेवायला जागा लागते, हॉटेलला दोन्ही लागतात. एका जागेच्या तीन वापरांनी एकमेकांचं भाडं वाढवलं. चाळीसेक वर्षांनी याच कंपनीने मिलानमध्ये, गारिबाल्दी स्थानकाजवळच्या वर्षानुवर्षं ओसाड पडलेल्या रेल्वेच्या जागेवर, पोर्ता नुओवा हा भाग उभारला. तिथेही तेच गणित : बँकेचा मनोरा, चौक, घरं, दुकानं. २०१३ मध्ये कतारच्या सरकारी गुंतवणूक निधीने त्यात ४० टक्के वाटा घेतला आणि २०१५ मध्ये तो पूर्ण विकत घेतला. उभारायचं, भरायचं आणि लांब पल्ल्याच्या मालकाला विकायचं, हे चक्र तिथे पुरं झालेलं दिसतं.

प्रश्न : प्रवर्तक पाच टक्के घालतो आणि नफ्यातला मोठा वाटा नेतो असं ऐकलं. आकड्यांत सांगाल? (सनदी लेखापाल, पुणे)

समजा एका इमारतीत कर्ज सोडून १०० कोटींचं भागभांडवल लागलं. गुंतवणूकदारांचे ९५, प्रवर्तकाचे ५. करार असा : आधी सगळ्यांना वर्षाला ८ टक्के चक्रवाढीने परतावा, त्यावर उरेल त्यातले २० टक्के प्रवर्तकाला बक्षीस म्हणून, बाकीचे ८० टक्के पुन्हा गुंतवणुकीच्या प्रमाणात. (हे दर या व्यवसायात सर्रास दिसतात, कुठल्या एका कंपनीचे म्हणून धरू नका.)

पाच वर्षांनी इमारत विकून, कर्ज फेडून २०० कोटी हातात आले. १०० कोटींवर ८ टक्क्यांनी पाच वर्षांत १४६.९३ कोटी होतात. उरले ५३.०७ कोटी. त्यातले २० टक्के, म्हणजे १०.६१ कोटी प्रवर्तकाचे. राहिलेले ४२.४६ कोटी ९५ : ५ मध्ये वाटले. प्रवर्तकाची बेरीज : ७.३५ + १०.६१ + २.१२ = सुमारे २०.०८ कोटी. गुंतवणूकदारांना मिळाले १७९.९२ कोटी. पाचाचे वीस झाले, पंचाण्णवांचे एकशे ऐंशी.

आणि हातात १४० कोटीच आले तर? आठ टक्क्यांची रेषा गाठलीच नाही, बक्षीस शून्य. प्रवर्तकाला ७ कोटी, बाकीच्यांना १३३.

करार वाचताना चार जागी पेन्सिल टेकवा. एक, बक्षीस एकेका इमारतीवर मोजतात की पूर्ण फंडावर? इमारतीवर मोजलं तर एका चांगल्या इमारतीचं बक्षीस उचललं जातं आणि तीन वाईट इमारतींचा तोटा गुंतवणूकदारांकडे राहतो. दोन, आधी उचललेलं बक्षीस नंतर तोटा झाल्यास परत करण्याचं कलम आहे का? तीन, 'भरपाई' कलम आहे का? ते असेल तर ८ टक्क्यांची रेषा ओलांडल्यावर पुढचा पैसा आधी प्रवर्तकाकडे जातो, त्याचा वाटा एकूण नफ्याच्या २० टक्के होईपर्यंत. चार, वार्षिक शुल्क कशावर मोजतात : कबूल केलेल्या रकमेवर, प्रत्यक्ष गुंतवलेल्या रकमेवर, की मालमत्तेच्या किमतीवर? कबूल रकमेवर असेल तर पैसा नुसता पडून असतानाही शुल्क चालू राहतं. याशिवाय खरेदी, विक्री, बांधकाम देखरेख आणि भाडेकरू आणणं यांची शुल्कं वेगळी. तीच कंपनी इमारतीची देखभालही करत असेल तर ते बिल बाजारभावाला धरून आहे का, हे तपासायचा हक्क करारात लिहून घ्या.

प्रश्न : घराणं आणि कंपनी एकच असेल तर पुढच्या पिढीत काय होतं? (वाचक, सोलापूर)

हाइन्समध्ये पायऱ्या फार आधीपासून घातल्या गेल्या. जेराल्ड यांचा मुलगा जेफ्री १९९० मध्ये अध्यक्ष झाला, वडील त्यानंतर तीस वर्षं होते. २०२० च्या ऑगस्टमध्ये ९५ व्या वर्षी ते गेले. नात लॉरा हाइन्स-पिअर्स २०२२ मध्ये सह-मुख्य कार्यकारी अधिकारी झाली. बाहेरच्या गुंतवणूकदाराने मात्र वारसापेक्षा करारातलं 'प्रमुख व्यक्ती' कलम बघावं. ठरावीक माणसं कामावर नसतील तर नवी खरेदी आपोआप थांबते, असं ते कलम असतं.

प्रश्न : इमारत भाडेकरूंनी भरलेली असूनही मालक अडचणीत येतो, हे कसं? व्याजदर वाढल्यावर परदेशात असं झालं म्हणतात. (बँक कर्मचारी, डोंबिवली)

मोठमोठ्या नावांना इथेच ठेच लागली, म्हणून सावकाश जाऊ.

एका इमारतीचं खर्च वजा जाता वार्षिक उत्पन्न ६ कोटी डॉलर आहे. बाजार अशा इमारतींकडून ५ टक्के परतावा मागतो, म्हणून किंमत ६ भागिले ०.०५, म्हणजे १२० कोटी. मालकाने ६० टक्के, म्हणजे ७२ कोटी कर्ज घेतलं, ४८ कोटी स्वतःच्या गटाचे. कर्ज ३.५ टक्क्यांनी, म्हणजे व्याज वर्षाला २.५२ कोटी. उत्पन्न व्याजाच्या जवळपास २.४ पट. सगळं निवांत.

आता व्याजदर वाढले. बाजार ६.५ टक्के परतावा मागू लागला. भाडं तेच, भाडेकरू तेच, पण किंमत झाली ६ भागिले ०.०६५, म्हणजे ९२.३ कोटी. किंमत २३ टक्के घसरली. कर्ज वजा जाता मालकांचे ४८ कोटी मात्र २०.३ वर आले, म्हणजे ५८ टक्के घट. नेमकी याच वेळी कर्जाची मुदत संपली. नवी बँक ६० टक्क्यांप्रमाणे ५५.४ कोटीच देणार. जुनं कर्ज फेडायला १६.६ कोटी रोख कमी. आणि समजा जुन्याच बँकेने ७ टक्क्यांनी मुदत वाढवली, तरी व्याज ५.०४ कोटी, उत्पन्न व्याजाच्या जेमतेम १.१९ पट. बऱ्याच कर्जकरारांत हे प्रमाण १.२५ च्या खाली गेलं की भाड्याचा पैसा थेट बँकेच्या ताब्यातल्या खात्यात वळतो आणि मालकाला वाटप बंद होतं.

म्हणून जुनी मुरलेली कंपनी काही पथ्यं पाळते. सगळ्या कर्जांची मुदत एकाच वर्षी येऊ देत नाही. बदलत्या दराच्या कर्जावर व्याजाची कमाल मर्यादा विकत घेऊन ठेवते. तिचीही मुदत बघावी लागते, कारण कर्ज पाच वर्षांचं आणि मर्यादा तीन वर्षांची, असा प्रकार बऱ्याच ठिकाणी झालेला असतो. प्रत्येक इमारत वेगळ्या कंपनीत ठेवते आणि कर्जाला तारण फक्त तीच इमारत देते, म्हणजे एक बुडाली तर आग शेजारी पसरत नाही. ही शिस्त ह्यूस्टनने सगळ्यांनाच शिकवली : १९८६ मध्ये तेलाचा भाव पिंपाला १० डॉलरच्या आसपास कोसळला आणि चारच वर्षांपूर्वी ७५ मजली मनोरा पाहिलेल्या त्या शहरात मजलेच्या मजले रिकामे राहिले. त्या मनोऱ्याचे विकासकही हाइन्सच होते. एका शहरावर, एका धंद्यावर अवलंबून राहायचं नाही, हा धडा १९९० च्या दशकात कंपनी युरोपात, मेक्सिकोत, रशियात गेली त्यामागे आहे. जेराल्ड हाइन्स स्वतः काही वर्षं लंडनला जाऊन राहिले.

प्रश्न : नव्या देशात शिरताना अशी कंपनी नेमकं काय करते? (एमबीएचा विद्यार्थी, नागपूर)

पहिली पायरी माणूस. त्या देशात वाढलेला, महापालिकेची भाषा जाणणारा प्रमुख नेमतात. मिलानमधलं काम इटालियन माणसांनी चालवलं. दुसरी पायरी, पहिला व्यवहार तयार गोष्टीचा किंवा स्थानिक भागीदाराबरोबर. बर्लिनला ब्रँडेनबुर्ग दरवाजाशेजारची, फ्रँक गेरी यांची बँकेची इमारत हाइन्सने उभारली ती त्या बँकेबरोबर. बार्सिलोनात तर दुसऱ्याने सुरू केलेला आणि अडकलेला दियागोनाल मार हा ३४ हेक्टरचा प्रकल्प हाती घेतला. अडकलेल्या प्रकल्पात जमीन स्वस्त मिळते आणि निम्म्या परवानग्या झालेल्या असतात. पण अटी जुन्या, रहिवाशांशी भांडणं जुनी, त्यामुळे फेरवाटाघाटीला वर्षं धरावी लागतात.

तिसरी पायरी भाडेकरार समजून घेणं, आणि इथे परदेशी माणूस हमखास फसतो. अमेरिकेत दहा वर्षांचा करार म्हणजे सहसा दहा वर्षांचं भाडं. पण त्यासाठी मालक सुरुवातीचे काही महिने माफ करतो आणि अंतर्गत सजावटीचे पैसेही देतो. ते वजा केल्याशिवाय खरं भाडं कळत नाही. फ्रान्सचा नऊ वर्षांचा करार '३-६-९' म्हणतात, कारण भाडेकरू दर तीन वर्षांनी बाहेर पडू शकतो. जर्मनीत भाडं बऱ्याचदा महागाई निर्देशांकाला बांधलेलं असतं. इंग्लंडमध्ये दर पाच वर्षांनी फेरआढावा, आणि बहुतेक जुन्या करारांत भाडं वरच जाऊ शकतं. आपल्याकडे नऊ वर्षांच्या करारात भाडेकरू साधारण तीन ते पाच वर्षंच बांधलेला असतो, मालक मात्र पूर्ण नऊ. दर तीन वर्षांनी १५ टक्के वाढ. शिवाय आपलं चौरस फुटाचं माप : भाडं एका क्षेत्रफळावर आणि प्रत्यक्ष वापर त्याच्या ७०-७५ टक्क्यांवर. न्यूयॉर्कच्या तक्त्यात मुंबईचं भाडं जसंच्या तसं बसवलं की तिथेच चूक होते.

चौथी गोष्ट चलन. समजा भारतात रुपयात वर्षाला १२ टक्के मिळाले आणि रुपया डॉलरपुढे दरसाल ३ टक्क्यांनी उतरला, तर डॉलरमध्ये हातात उरतात साधारण साडेआठ-पावणेनऊ टक्के. दहा वर्षांसाठी चलनाचा विमा घेणं फार महाग पडतं. म्हणून बहुतेक जण त्याच देशाच्या चलनात कर्ज काढतात, म्हणजे निदान कर्जाएवढा भाग तरी आपोआप सांभाळला जातो.

भारतात ही दारं २००५ मध्ये मोठी उघडली, बांधकाम विकासात १०० टक्के थेट परकीय गुंतवणुकीला परवानगी मिळाली तेव्हा. आधी किमान क्षेत्राच्या कडक अटी होत्या. २०१४-१५ मध्ये त्या सैल झाल्या आणि गेल्या. हाइन्सचं इथलं ठळक काम गुरुग्रामला, डीएलएफबरोबर भागीदारीतलं वन होरायझन सेंटर. म्हणजे इथेही स्थानिक भागीदार आधी.

प्रश्न : निवृत्तीचे काही पैसे अशा परदेशी मालमत्ता फंडात घालावेत का? (निवृत्त शिक्षक, छत्रपती संभाजीनगर)

आमचं मत स्पष्ट आहे : औषधपाण्याचा आणि घरखर्चाचा पैसा यात नको.

रिझर्व्ह बँकेच्या योजनेत एका आर्थिक वर्षात माणशी अडीच लाख डॉलरपर्यंत बाहेर पाठवता येतात. गुंतवणुकीसाठी दहा लाख रुपयांवरच्या रकमेवर बँक २० टक्के कर आधीच कापून घेते. तो विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर रक्कम अडकते. परदेशी मालमत्ता विवरणपत्राच्या वेगळ्या तक्त्यात दाखवावीच लागते. विसरलात तर दंड जबर. अमेरिकेतले शेअर किंवा रीट थेट तुमच्या नावावर असतील आणि मूल्य ६० हजार डॉलरच्या वर असेल, तर तुमच्या पश्चात तिथला वारसा कर लागू होऊ शकतो. हे मुलांना आधी सांगून ठेवा.

सर्वात मोठा धोका बाहेर पडण्याचा. बाजारात न नोंदलेले रीट सहसा महिन्याला एकूण मूल्याच्या २ टक्के आणि तिमाहीला ५ टक्क्यांपर्यंतच पैसे परत देतात. २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये ब्लॅकस्टोन या अमेरिकी गुंतवणूक कंपनीच्या अशा रीटमध्ये मागणी त्यापुढे गेली आणि परतफेड प्रमाणात कापून मिळू लागली. २०२४ च्या मेमध्ये स्टारवूडच्या रीटने ही मर्यादा तिमाहीला १ टक्क्यावर आणली. हा नियमभंग नव्हता. माहितीपत्रकात ही मर्यादा बदलायची मुभा पहिल्यापासून लिहिलेली असते. इमारत विकायला महिने लागतात, म्हणून दार अरुंद ठेवतात.

भाड्याच्या उत्पन्नाचीच आवड असेल तर आपल्याकडचे सूचीबद्ध रीट आधी अभ्यासा. पहिलं २०१९ मध्ये एम्बसीचं आलं, २०२० मध्ये माइंडस्पेसचं. ऐरोली आणि पुण्यातली त्यांची संकुलं तुम्ही डोळ्यांनी जाऊन बघू शकता. नियमाप्रमाणे ८० टक्के मालमत्ता पुरी झालेली, भाडं देणारी हवी. वाटपायोग्य रकमेच्या ९० टक्के वाटावे लागतात. आणि कर्ज मूल्याच्या ४९ टक्क्यांच्या पुढे नेता येत नाही. एक युनिटही घेता येतं. वाटपाची रक्कम बघताना तिचे तुकडे बघा : व्याज, लाभांश आणि कर्जफेड. कर्जफेड म्हणून येणारा भाग मिळकत भासला तरी तो तुमची खरेदी किंमत कमी करतो, आणि विकताना कर त्या कमी किमतीवरून मोजला जातो.

प्रश्न : आमच्या एकत्र कुटुंबाची शहरालगत सहा एकर जमीन आहे. एका परदेशी फंडाच्या भारतीय कंपनीने भागीदारीसाठी विचारलंय. काय तयारी ठेवू? (शेतकरी, नाशिक जिल्हा)

भावाची बोलणी नंतर. आधी सात-बारा घेऊन 'इतर हक्क'चा रकाना बघा. बोजा, कुळाची नोंद, पाटबंधाऱ्याची नोंद, न्यायालयातल्या दाव्याची नोंद, सगळं तिथे असतं. भोगवटादार वर्ग २ (विक्रीवर सरकारी निर्बंध असलेली जमीन) असेल तर परवानगी आणि नजराण्याशिवाय पुढे पाऊल टाकता येत नाही. कुळकायद्याने मिळालेली किंवा वतनाची जमीन असेल तर त्याच्या अटी वेगळ्या. मग फेरफार उतारे काढा आणि तीस वर्षांचा शोध अहवाल स्वतःच्या वकिलाकडून करून घ्या. समोरचा करणारच आहे, पण दोष तुम्हाला आधी कळले पाहिजेत.

व्यवहार मोडतात ते पुढच्या कारणांनी. आत्या-बहिणींची नावं वारसाला लागलेली असतात, हक्कसोड तोंडी झालेलं असतं, नोंदणीकृत दस्त नसतो. कुणा काकांनी दहा वर्षांपूर्वी कुणाला तरी कुलमुखत्यारपत्र दिलेलं असतं. रस्ता वहिवाटीचा असतो, नकाशावर नसतो. मोजणीत हद्द दोन-तीन गुंठ्यांनी सरकते. परदेशी फंडाची गुंतवणूक समिती अशा कागदाला 'नंतर बघू' म्हणत नाही, सरळ फाइल मिटवते.

शेतजमिनीत परकीय पैसा येऊ शकत नाही, म्हणून बिनशेतीचा प्रश्न आधी सोडवावा लागतो. विकास आराखड्यातला झोन दाखला घ्या. रस्त्याच्या रुंदीवर किती चटईक्षेत्र मिळतं हे वास्तुविशारदाकडून लिहून घ्या. बांधकाम २०,००० चौरस मीटरच्या वर जाणार असेल तर पर्यावरण मंजुरी लागते. ती मिळेपर्यंतचा काळ करारात कोणाच्या खात्यावर धरायचा हे ठरवा.

करार भागीदारीचा असेल तर जमीन नव्या कंपनीत टाकताना तिची किंमत नोंदणीकृत मूल्यांककाकडून ठरवून घ्या. पुढे फंड आणखी पैसा घालेल तेव्हा तुमचा टक्का कसा आणि किती घटेल, हे आकड्यांचं उदाहरण घालून करारात लिहा; नुसतं 'प्रमाणात' हा शब्द पुरत नाही. इमारत विकायची की ठेवायची, कर्ज किती काढायचं, बांधकामाचं कंत्राट कोणाला, या तीन गोष्टींवर तुमची लेखी संमती आवश्यक ठेवा. फंडाची मुदतही विचारा. दहा वर्षांच्या फंडाची सात वर्षं आधीच गेली असतील, तर तिसऱ्या वर्षी तो विकायला काढणार, आणि तेव्हा भाव पडलेला असला तरी तुम्हाला सोबत विकायला लावणारं कलम करारात कुठेतरी असणार. ते कलम शोधा, आणि त्याखाली किमान किंमत लिहून घेतल्याशिवाय कुटुंबातल्या एकाचीही सही होऊ देऊ नका.